जुना लॅपटॉप, २ जीबी रॅम, लिनक्स टाकलंय. मराठी ईबुक वाचायला हलका रीडर कोणता?

तुमचा प्रश्न वाचला आणि राहवलं नाही. तुम्ही म्हणताय लॅपटॉप दहा-बारा वर्षं जुना, २ जीबी रॅम, हलकं लिनक्स टाकून झालंय, आईला मराठी इपब (ईबुकाच्या फाईली) वाचायला द्यायचेत, आणि कॅलिबर हा ईबुकांचा प्रोग्रॅम उघडेपर्यंत आई उठून स्वयंपाकघरात जाते. आणि कोणीतरी तुम्हाला सांगितलंय की सरळ नवीन ई-रीडर घ्या. भात कसा लावायचा विचारलं तर हॉटेलात जा म्हणणारी ही माणसं, आमच्या घरातही एक आहे, पुण्याला असतो, माझा सख्खा मोठा भाऊ.

आमच्याकडचं मशीन तुमच्याहून गरीब. बाबा खाणीच्या ऑफिसात क्लार्क होते, डिचोली तालुक्यात. २०१२ ला खाणी बंद झाल्या तेव्हा ऑफिसातलं सामान भंगारात निघालं आणि बाबांनी एक नेटबुक उचलून आणलं. अ‍ॅटम एन२७० प्रोसेसर, म्हणजे फक्त ३२ बिट, १ जीबी रॅम, स्क्रीन १०२४ बाय ६००. त्यावर डेबियन (लिनक्सचाच एक प्रकार) आणि एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप टाकून मी वर्षभर हिशेब केले, मग मला पणजीला नोकरी लागली आणि ते कपाटावर गेलं.

२०१९ ला बाबांची मोतीबिंदूची दोन्ही ऑपरेशनं झाली. लांबचं झकास दिसायला लागलं, जवळचं मात्र चष्मा लावूनही बारीक टाईप नको वाटायचा. आणि आमचे बाबा म्हणजे वाचल्याशिवाय दिवस न जाणारा माणूस. घरी आम्ही कोंकणीच बोलतो पण वाचायचं ते मराठी, गोव्यात हे कोणाला समजावून सांगावं लागत नाही. त्यात बाबा तरुणपणी जत्रेच्या नाटकांत कामं करायचे, नाटकांच्या वह्या एका पत्र्याच्या ट्रंकेत, अर्ध्या वाळवीने खाल्लेल्या आणि उरलेल्यांना पावसात बुरशी. मी म्हटलं वह्या टाईप करून इपब करते, अक्षर पाहिजे तेवढं मोठं होईल, नेटबुक खाली काढू.

पहिला गाढवपणा माझा. मला तेव्हा टर्मिनलचं, म्हणजे कमांड टाईप करायच्या त्या काळ्या खिडकीचं, वेड होतं, आणि टर्मिनलात इपब वाचायचे छोटे प्रोग्रॅम असतात, एपी नावाचा एक आहे, मेमरी नगण्य खातो. मी खुशीत बाबांना सोप्यावर नेऊन बसवलं आणि नाटक उघडून दिलं. बाबांनी दोन मिनिटं बघितलं, मग घसा खाकरून जत्रेतल्या आवाजात वाचायला लागले, "दुस, र, हलन्त, याच्या हातातली कु, र, हलन्त, हाड!" वेलांट्या भलत्या अक्षरावर, पाय मोडलेली अक्षरं लोंबकळतायत. आई आतून धावत आली, तिला वाटलं ह्यांना काही झालं. मग बाबा शांतपणे म्हणाले, "बाय, हें कोणें बरयलां?" (पोरी, हे कोणी लिहिलंय?)

तर ही पहिली गोष्ट, जी हलक्या रीडरच्या याद्यांमध्ये कुठेच सापडत नाही कारण त्या याद्या रोमन लिपी वाचणाऱ्यांच्या असतात. देवनागरी नुसता फॉन्ट टाकून उमटत नाही, अक्षरं जोडणारं इंजिन लागतं, बहुतेक ठिकाणी त्याचं नाव हार्फबझ. ते नसेल तर रीडर कितीही हलका असला तरी आपल्या कामाचा नाही. मराठीची परीक्षा घ्यायला क्ष-ज्ञ बघू नका, ते हिंदीवाल्यांचंही चालतं. "दुसऱ्या", "कुऱ्हाड", "तऱ्हा" असे शब्द एका फाईलीत लिहा आणि ती उघडून बघा, अर्धा र चंद्रकोरीसारखा आला तर पुढे जा. (हा र दोन तऱ्हांनी टाईप होतो, नुक्तेवाला ऱ घेऊन किंवा साध्या र ला हलन्त देऊन मध्ये न दिसणारं जोडचिन्ह घालून, दिसायला सारखंच, पण बऱ्याच ठिकाणी एकाने शोधलं तर दुसरं सापडत नाही. माझी अर्धी वही एका पद्धतीत आहे आणि अर्धी दुसऱ्या.) आणि इपबमध्ये भाषा मराठी अशी नोंदवलेली असेल आणि फॉन्टमध्ये सोय असेल तर ल आणि श आपल्या वळणाचे येतात, नाहीतर हिंदी वळणाचे. बाबांना हे लगेच खटकतं, तुमच्या आईलाही खटकेल.

त्या वर्षी चवथीला, म्हणजे गणपतीला, दादा आला. त्याला सगळी हकीकत कळली, पोट धरून हसला, आणि म्हणाला सर तू, आणि कॅलिबर टाकलं. आता कॅलिबर वाईट आहे असं मी म्हणत नाही, कोविद गोयल यांनी २००६ ला सुरू केलं, अजून फुकट देतात, त्याच्या तोडीचं दुसरं काही नाही. पण ते पुस्तकांचं अख्खं गोदाम आहे, पायथनमध्ये लिहिलेलं, आणि वाचायची जी खिडकी आहे ना तिच्या आत चक्क ब्राउझरचं इंजिन बसलेलं असतं. एक पान वाचायला अख्खा ब्राउझर! १ जीबीच्या मशीनवर रॅम संपून ते स्वॅपमध्ये, म्हणजे डिस्कवर, गेलं की पंखा पिठाच्या गिरणीसारखा सुरू. वर ६०० पिक्सेलच्या स्क्रीनवर टूलबार जागा खाणार, उरलेल्या जागेत मोठ्या अक्षराच्या सात-आठ ओळी. दादा माटोळी (गणपतीवर बांधतात ते फळाफुलांचं छत) उतरवायच्या आधी पुण्याला गेला आणि बाबांनी दुसऱ्या दिवशी ते अडकलंय असं समजून पॉवरचं बटण दाबून धरलं. तिसऱ्या दिवशी पण. चौथ्या दिवशी नेटबुकवर वर्तमानपत्र पसरलेलं होतं.

मी दादाला फोन केला तर म्हणाला बाबांना शिकायचंच नाही. यावरून आमचं जे भांडण झालं ते अजून मिटलेलं नाही. माझं म्हणणं तेव्हाही हेच आणि आताही हेच, चौसष्ट वर्षांच्या माणसाने खाणीचा जमाखर्च आयुष्यभर चोख ठेवला, त्याला पुस्तकाचं पान उलटायला तीन मेनू शिकावे लागत असतील तर खोट मेनूत आहे.

लॉकडाऊनमध्ये मी घरी अडकले तेव्हा नीट बसून शोधलं. म्युपीडीएफ टाकलं. नावावर जाऊ नका, ते इपबसुद्धा उघडतं, आत हार्फबझ आहे, कुऱ्हाड कुऱ्हाडच दिसते. टूलबार नाही, मेनू नाही, अख्खी स्क्रीन म्हणजे पान. चौकटी कंसाची दोन बटणं आहेत ना, उघडणाऱ्याने अक्षर लहान होतं, बंद करणाऱ्याने मोठं. आईच्या पाकिटातली लाल टिकली मी बंद कंसाच्या बटणावर चिकटवली आणि बाबांना सांगितलं, टिकली म्हणजे मोठं. एवढंच शिक्षण. पहिल्या दिवशी त्यांनी अक्षर इतकं मोठं केलं की पानावर चारच शब्द, आणि तसंच वाचत बसले, खूश.

एकच खोट निघाली, माझ्याकडचं म्युपीडीएफ कितव्या पानावर होतो ते लक्षात ठेवत नव्हतं. बाबा पुन्हा पहिल्या पानापासून. आणि मोठी इपब उघडताना, अक्षर बदललं की पानं परत मांडताना, तो बिचारा अ‍ॅटम धापा टाकायचा.

मग जे सुचलं त्याचा मला खरंच अभिमान आहे. म्हटलं पानं मांडायचं काम त्या म्हाताऱ्या मशीनने करायचंच कशाला? माझा ऑफिसचा लॅपटॉप तगडा आहे. त्यावर इपबची पीडीएफ करायची, पण कागदाच्या मापाची नाही, पीडीएफ आउटपुटमध्ये पानाचं माप स्वतः देता येतं तिथे १०२४ बाय ६०० पिक्सेल घालायचं, अक्षर बाबांना लागतं तेवढं, समास जवळजवळ शून्य, फॉन्ट नोटो सेरिफ देवनागरी. म्हणजे जोडाक्षरं, ओळी, पानं, सगळं तिकडेच भाजून तयार, नेटबुकने फक्त वाढायचं. पेनड्राईव्हवरून कॉपी करायची आणि झथुरा नावाच्या रीडरमध्ये उघडायची. झथुरा तसाच बिनमेनूचा, पॉपलर नावाच्या पीडीएफ इंजिनवर चालतो, आणि फाईल बंद करून परत उघडली की त्याच पानावर येतो. त्याच्या सेटिंगच्या फाईलीत दोन ओळी टाकून उजवा बाण म्हणजे पुढचं पान आणि डावा म्हणजे मागचं असं केलं, टिकली कंसावरून उचलून उजव्या बाणावर लावली. डाव्यावर हिरवी. कंट्रोल धरून आर दाबलं की काळ्यावर पांढरं होतं, ते बाबांना रात्री आवडतं. पुस्तकं डेस्कटॉपवरच, नावं मराठीत, दोनदा क्लिक की उघडतं.

आणि हो, पीडीएफ करायचं ते काम मी कॅलिबरनेच करते. दादाला हे कळलं तेव्हापासून दर फोनला "शेवटी कॅलिबरच लागलं ना" हे ऐकते. लागलं, पण माझ्या मशीनवर. गिरणी गावात असते म्हणून कोणी घरात आणून बसवत नाही.

तुमचं वेगळं आहे, २ जीबी म्हणजे आमच्या मानाने श्रीमंती. आधी टर्मिनलात एलएससीपीयू (lscpu) ही कमांड चालवून प्रोसेसर ६४ बिट आहे का बघा, त्यावर सगळं अवलंबून. असेल तर केओरीडर घ्या. मुळात ते ई-इंकच्या, म्हणजे कागदासारख्या पडद्याच्या ई-रीडरसारख्या, कमजोर यंत्रांसाठी बनवलेलं, लिनक्स डेस्कटॉपवरही चालतं, आत ब्राउझर नाही, देवनागरी नीट, पान लक्षात ठेवतं, अक्षराची जाडी वाढवता येते. मेनू थोडे विचित्र आहेत कारण ते बोटाने वापरायचं म्हणून आखलंय, तुम्ही एकदा लावून द्या आणि आईला फक्त पान उलटायला द्या. ३२ बिट असेल तर म्युपीडीएफ नाहीतर माझा भाजलेल्या पीडीएफचा मार्ग. तसं असेल तर डेबियन १२ वरच थांबा, १३ चा ३२ बिट इन्स्टॉलर येत नाही. कॅलिबरच्या अधिकृत बिल्डनेही ६ पासून, म्हणजे २०२२ पासून, ३२ बिट सोडलंय.

बाकीचे रीडर: फोलिएट दिसायला सगळ्यात देखणं पण त्याच्याही आत वेबकिट हे ब्राउझरचं इंजिन, तुमच्याकडे चालेल, उड्या मारणार नाही. अ‍ॅट्रिल इपब उघडतं, तेही वेबकिटवर. एव्हिन्स इपब उघडतच नाही. ओक्युलर चांगलं पण केडीई हा डेस्कटॉप नसेल तर सोबत अर्धं केडीई उतरतं, आमच्याकडे एक पाहुणा बोलावला की व्हॅनभर माणसं येतात तसं.

इपब मिळवायला मराठी विकिस्रोत बघा, तिथून पुस्तक थेट इपबमध्ये उतरवता येतं. लेखकाच्या निधनाला ६० वर्षं झालेली पुस्तकं कॉपीराइटमधून मोकळी असतात, त्यातच आईची निम्मी आवड निघेल. दुकानातून विकत घेतलेल्या कुलूपबंद ईबुकांना यातलं काहीच लागू नाही, ती उघडणार नाहीत, हे आधी सांगायला हवं होतं.

स्कॅन केलेल्या जुन्या पुस्तकांचं दुखणं तिसरंच. शेदीडशे एमबीची फाईल, प्रत्येक पान म्हणजे फोटो, तिथे अक्षर मोठं करण्याचा प्रश्नच नाही. माझ्या अनुभवात म्युपीडीएफ त्या पॉपलरपेक्षा भराभर उलटतं. केटूपीडीएफऑप्ट नावाचं एक हत्यार आहे, ते पानाचा फोटो शब्दाशब्दाने कापून छोट्या स्क्रीनवर परत मांडतं, त्याला लिपी कळायची गरजच पडत नाही, फक्त शब्दांमधली जागा कळते, आणि आपली शिरोरेघ शब्द एकत्र धरून ठेवते त्यामुळे ठीक जमतं. शाई पसरलेल्या पानांवर मात्र दोन शब्द चिकटतात.

आमच्याकडे एक अडचण अजून आहे. नेटबुकची बॅटरी मेलेली, आणि पावसात करंट दिवसातून चारदा जातो. झथुरा पान लक्षात ठेवतो तो फाईल नीट बंद केली तर, असा अचानक जीव गेला तर नाही. बाबांनी त्यावर स्वतःच उपाय काढला, भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाशेजारी पान नंबर लिहून ठेवतात. कालच्या चौकोनात "१ लि., २१४" आहे.

दादाने २०२१ ला बाबांच्या वाढदिवसाला एक ई-रीडर पाठवला होता. चांगला असेल, मला माहीत आहे चांगला आहे, पण त्यात पुस्तक चढवायला प्रत्येक वेळी कोणीतरी घरी लागतं आणि टिकली लावायला बटणच नाही. तो कपाटात आहे. दादा, तू हे वाचत असशील तर येत्या चवथीला घेऊन जा, चार्जर आईच्या शिवणाच्या डब्यात आहे.