केमो चालू असताना आईला फ्लूची लस द्यावी का? आधी तुमची घ्या

तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर: हो, देता येते आणि बहुतेक वेळा द्यावीच. मात्र सुईची लस, आणि दिवस कोणता ते ऑन्कोलॉजिस्टनी, म्हणजे कॅन्सरच्या डॉक्टरांनी ठरवायचं.

पण तुम्ही प्रश्नात लिहिलंय की आई केमोच्या दिवसाखेरीज भांडुपच्या घराबाहेर पडत नाहीत. तुम्ही रोज लोकलने सीएसएमटी गाठता आणि मुलगी बालवाडीत जाते. मग फ्लू घरात आणणार कोण? आई तर नाहीत. म्हणून माझं म्हणणं असं की तुमची, तुमच्या मिसेसची आणि मुलीची लस याच आठवड्यात उरकून टाका, त्यासाठी आईंच्या डॉक्टरांची वाट बघायची गरज नाही. लस अंगात मुरायला साधारण दोन आठवडे लागतात आणि मुंबईत फ्लूचा खरा जोर जुलै ते सप्टेंबर. म्हणजे जून कोरडा जातोय म्हणून थांबण्यात अर्थ नाही.

मी डॉक्टर नाही. स्तनाच्या कॅन्सरची केमो घेतलेली पेशंट आहे, त्यामुळे हे प्रश्न मीही विचारून झाले आहेत. आमच्याकडे आधी यांनी आणि मुलाने लस घेतली, माझी नंतर झाली. सासूबाई 'मला काय धाड भरलीय' म्हणत होत्या, पण सुनेसाठी घ्यायची म्हटल्यावर मुकाट्याने दंड पुढे केला.

घरच्यांचा एवढा आग्रह का, तेही सांगते. लस टोचली म्हणजे काम झालं असं नसतं. तिच्याकडे बघून शरीराने प्रतिपिंडं (अँटीबॉडीज) तयार करायची असतात, आणि ती बनवणाऱ्या पेशींनाच केमोने झोडपलेलं असतं. त्यामुळे आईंना लशीचा फायदा निरोगी माणसापेक्षा कमीच होणार. तरी घ्यायची, कारण थोडंफार संरक्षणसुद्धा न्यूमोनिया आणि ॲडमिट होणं टाळू शकतं. शिवाय फ्लू झाला की केमो पुढे ढकलावी लागते. मला तर हाच मुद्दा पटला. केमोची एकेक सायकल, म्हणजे फेरी, मोजत असताना मध्येच खंड पडणं फार जिवावर येतं.

आता दिवसाचं. केमो सुरू व्हायच्या आधी निदान दोन आठवडे लस झालेली असणं सगळ्यात उत्तम, पण तुमच्या आईंच्या दोन सायकल होऊन गेल्यात, तेव्हा तो विषय संपला. केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात पांढऱ्या पेशींचा काउंट तळाला जातो, ते दिवस टाळतात. एकवीस दिवसांची सायकल असेल तर पुढच्या केमोच्या आधी सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशी मोजायची तपासणी, करायला जाता ना, तो रिपोर्ट दाखवतानाच विचारा. माझ्या डॉक्टरांनी काउंट वर आलेला बघून तेव्हाच चिठ्ठी लिहून दिली होती. प्लेटलेट कमी असतील तर तसं सिस्टरला आधी सांगा. मग त्या बारीक सुई वापरतात आणि टोचल्यावर जागा दोन मिनिटं घट्ट दाबून धरायला लावतात. चोळायचं नाही.

आणि हात! आईंच्या उजव्या काखेतल्या गाठी काढल्यात असं तुम्ही लिहिलंय. त्या बाजूच्या हाताला सुई टोचणं टाळतात, म्हणजे लस डाव्या दंडात. लसीकरणाच्या खोलीत गर्दी असते, सिस्टर समोर येईल त्या हाताची बाही वर करतात. आईंना आधीच बजावून ठेवा. मी तर त्या दिवशी मुद्दाम डाव्या बाजूने खुर्ची सरकवून बसले होते. सिस्टरनी फ्रिजमधून भरलेली सिरिंज काढली, थोडा वेळ हातात धरून तिचा गारठा घालवला, हलवली, वरचं नाव आणि एक्स्पायरी मला वाचून दाखवली. टोचलेलं कळलंही नाही. केमोसाठी शिरा शोधताना जे होतं, त्यापुढे हे काहीच नाही.

शेजारच्या काकू म्हणतात की लशीनेच फ्लू होतो. सुईच्या लशीत जिवंत विषाणू नसतो, मेलेल्या विषाणूचे अंश असतात, त्यातून फ्लू होणं शक्य नाही. दंड दुखतो, एखादा दिवस कसकस वाटते. आणि पावसाळ्यात सर्दीतापाचे इतर दहा विषाणू फिरत असतात. त्यातला एखादा नेमका त्याच आठवड्यात गाठतो आणि नाव लशीचं होतं. लशीची धास्ती मुंबईला नवी नाही म्हणा. 1896 ला प्लेग आला तेव्हा हाफकिन या शास्त्रज्ञाने इथेच लस तयार केली आणि जानेवारी 1897 मध्ये आधी स्वतःला टोचून घेतली, तरी लोक बिचकतच होते. परळची हाफकिन इन्स्टिट्यूट त्याच्याच नावाची, टाटा हॉस्पिटलपासून चालत जाण्याच्या अंतरावर.

नाकात मारायच्या स्प्रेची गोष्ट मात्र वेगळी. त्यात जिवंत, पण दुबळा केलेला विषाणू असतो, तो केमोच्या पेशंटला द्यायचा नाही. मुलीसाठीही सुईचीच मागा, घरात कटकट नको.

तीन विषाणूंची की चार विषाणूंची, हा घोळ केमिस्टकडे हमखास होतो. चारांपैकी बी यामागाता नावाचा प्रकार मार्च 2020 नंतर जगात कुठे सापडलेलाच नाही, म्हणून 2023 पासून जागतिक आरोग्य संघटना पुन्हा तीनचीच शिफारस करते आहे. तेव्हा तीनची मिळाली तर कमी दर्जाची मिळाली असं समजू नका. बघायचं ते हे की लस चालू हंगामाची आहे ना. सूत्र जवळपास दरवर्षी बदलतं, त्यामुळे मागच्या वर्षी घेतलेली यंदा मोजायची नाही. ब्रँडनुसार साधारण दीड-दोन हजार रुपये एका डोसला पडतात. घरातल्या चौघांचे म्हणजे खिशाला खड्डाच, पण केमोच्या बिलांपुढे काय ते. केमिस्टकडून घेऊन फॅमिली डॉक्टरांकडे टोचणार असाल तर ती 2 ते 8 अंशांत राहायला हवी. आइसबॉक्समधून न्या, पण बर्फाला चिकटवून नको, गोठलेली लस फुकट जाते. खरं तर ज्यांच्याकडे फ्रिजमध्ये लस असते अशाच डॉक्टरांकडे घेतलेली बरी.

वाचणाऱ्या इतरांसाठी: रिटुक्सिमॅबसारखं (काही ब्लड कॅन्सरमध्ये देतात ते) औषध चालू असेल तर ते थांबल्यावरही साधारण सहा महिने लस नीट लागू पडत नाही, आणि बोन मॅरो ट्रान्सप्लांटनंतरही सहसा तेवढंच थांबवतात. इम्युनोथेरपीवाल्यांना, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच कॅन्सरशी लढवणारे उपचार घेणाऱ्यांना, सुईची लस चालते. सगळ्यांनी आपापल्या डॉक्टरांना विचारूनच.

एक गोष्ट मात्र फ्रिजवर चिकटवून ठेवा. लस घेतल्यानंतरही आईंना 100.4 फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप आला तर 'लशीचाच असेल' म्हणून घरी बसायचं नाही. काउंट कमी असताना आलेला ताप ही इमर्जन्सी असते, मग रात्रीचे दोन का वाजलेले असेनात. क्रोसिन देण्याआधी ताप मोजा, आकडा लिहा आणि हॉस्पिटलच्या नंबरवर फोन करा. काउंट वाढवायच्या इंजेक्शननेही अंग ठणकतं, कधी ताप येतो, पण कशाचा ताप आहे ते रक्त बघून डॉक्टर सांगतील. आपण घरी बसून तर्क लढवायचे नाहीत.

शेवटी तुम्ही विचारलंय की आई नकोच म्हणाल्या तर? मग जबरदस्ती करू नका. त्यांच्या डॉक्टरांनाच समजावू दे, आपल्याकडच्या बायका मुलाचं ऐकत नाहीत पण डॉक्टरांचं ऐकतात. तोवर तुम्ही तिघं लस घेतलेले असा. घरी आल्यावर हात धुवा, कपडे बदला, सर्दी असली तर आईंच्या खोलीत मास्क लावा. आणि तुमच्यापैकी कुणाला फ्लू झालाच, तर आईंना लक्षणं नसली तरी त्याच दिवशी ऑन्कोलॉजिस्टना कळवा. अशा वेळी ओसेल्टामिवीर, म्हणजे टॅमीफ्लूची गोळी, आधीपासूनही देता येते. ती 48 तासांच्या आत सुरू झाली तर जास्त उपयोगी, म्हणून 'उद्या ओपीडीत विचारू' नको, फोनच करा.