आई-वडिलांना मधुमेह, मग मला होणारच ना?

आई-वडील दोघांनाही मधुमेह असला की मुलं दोन टोकांना जातात. एक जण दर आठ दिवसांनी बोट टोचून साखर बघत बसतो, दुसरा तपासणीचं नावच काढत नाही. वेंगुर्ले तालुक्यातल्या एका गावातून आलेल्या ४१ वर्षांच्या बाई दुसऱ्या गटातल्या. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) वडील इन्सुलिनवर, आईच्या पायाचा अंगठा काढावा लागलेला. आशाताईंनी शिबिराला दोनदा बोलावलं, दोन्ही वेळा त्या गेल्या नाहीत. त्यांचं म्हणणं सरळ होतं: "आवशीक होतो, बापाशीक होतो, माकाय होतलोच. मगे तपासून काय करूचा?"

यातलं अर्धं खरं आहे. आई किंवा वडील यांपैकी एकाला टाइप २ मधुमेह असेल, तर आयुष्यात कधीतरी तो होण्याची शक्यता साधारण ४० टक्के धरतात, दोघांना असेल तर ती ७० टक्क्यांच्या आसपास जाते. हा आकडा लपवून धीर देणं योग्य नाही. पण 'कधीतरी' म्हणजे ४२ व्या वर्षी की ६५ व्या, यात फार मोठा फरक आहे. साखर जितकी वर्षं चढलेली राहते, तितकं डोळ्यांचं, मूत्रपिंडांचं आणि पायांच्या नसांचं नुकसान साचत जातं. मधुमेह दहा-पंधरा वर्षं पुढे ढकलता आला तर तेवढ्या वर्षांचं नुकसान वाचतं. बाईंशी पुढचं सगळं बोलणं याच मुद्द्यावर झालं.

सुरुवात कागद-पेनाने केली. मद्रास डायबिटीस रिसर्च फाउंडेशनच्या डॉ. व्ही. मोहन आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये भारतीयांसाठी १०० गुणांची एक साधी पट्टी मांडली. वय, कमरेचा घेर, हालचाल आणि घराण्यातला मधुमेह, एवढ्याच चार गोष्टी. वय ३५ ते ४९ असेल तर २० गुण, ५० च्या पुढे ३०. बायकांची कंबर ८० ते ८९ सेंटिमीटर असेल तर १०, ९० किंवा जास्त असेल तर २० (पुरुषांसाठी हीच मापं ९० आणि १००). व्यायाम नाही आणि कामही बैठं, तर ३०. आई-वडिलांपैकी एकाला मधुमेह असेल तर १०, दोघांना असेल तर २०. बेरीज ६० किंवा त्याहून जास्त आली तर धोका मोठा, लगेच रक्त तपासायचं.

बाई शिवणकाम करतात. टेप त्यांच्या पर्समध्येच होती. त्यांनी परकराची नाडी बांधतात तिथे, पोट आत ओढून कंबर मोजली आणि ८६ सांगितली. माप तिथे घ्यायचं नसतं. सगळ्यात खालची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मधोमध टेप आडवी, सरळ ठेवायची, श्वास सोडायचा आणि मग वाचायचं. तसं मोजल्यावर ९२ भरले. वयाचे २०, कमरेचे २०, बसून राहण्याचे ३०, घराण्याचे २०. बेरीज ९०. ही पट्टी कुणाची तपासणी आधी करायची हे ठरवण्यासाठी आहे, आजाराचं कारण टक्क्यांत वाटून देण्यासाठी नाही, हे त्यांना स्पष्ट सांगितलं. तरीही त्या कागदाकडे बराच वेळ बघत राहिल्या. ज्याला त्या कपाळावर लिहिलेलं म्हणत होत्या त्याचे २० होते. कंबर आणि बसणं मिळून ५०.

तपासणीला तयार झाल्या, पण एक बेत करून: आधी चार दिवस भात आणि साखर बंद, म्हणजे निकाल चांगला येईल. असं बरेच जण करतात आणि त्याने फसगतच होते. ग्लुकोज पिऊन करायच्या चाचणीआधी तीन दिवस नेहमीचंच जेवण हवं. कर्बोदकं एकदम तोडली तर ग्लुकोजनंतरची साखर उलट जास्त दिसू शकते. रात्री जेवून ८ ते १० तास उपाशी, सकाळी रक्त, मग ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यात घालून पाच मिनिटांत प्यायचं, दोन तास एका जागी बसायचं आणि पुन्हा रक्त द्यायचं.

उपाशीपोटी ११२, दोन तासांनी १६८, एचबीए१सी म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरीची चाचणी ६.१. उपाशीपोटी १०० च्या खाली, ग्लुकोजनंतर १४० च्या खाली आणि एचबीए१सी ५.७ च्या खाली हे ठीक. १२६, २०० आणि ६.५ पासून मधुमेह. बाई मधल्या पट्ट्यात होत्या, ज्याला डॉक्टर पूर्वमधुमेह म्हणतात. हिमोग्लोबिन मात्र ९.८ होतं. लोहाच्या कमतरतेत एचबीए१सी खोटाच थोडा वर जातो, म्हणून कोकणातल्या बायकांच्या बाबतीत, ज्यांच्या अंगात रक्त कमी असतं, फक्त त्या एका आकड्यावर विसंबू नये. इथे बाकीचे दोन आकडेही तेच सांगत होते, त्यामुळे शंका उरली नाही. लोहाच्या गोळ्या डॉक्टरांनी वेगळ्या सुरू केल्या.

निकाल ऐकून त्या रडल्या आणि म्हणाल्या, "आता माझाही पाय जाणार." खरी भीती ही होती. साखरेची नव्हती, आईच्या अंगठ्याची होती. म्हणून आईच्या पायाचं काय झालं ते नीट विचारलं. मे महिन्यात तापलेल्या कातळावरून अनवाणी गेल्या, टाच आणि अंगठ्याला फोड आला, तो त्यांना कळलाच नाही. फुटल्यावर हळद लावली, चुन्याचं बोट लावलं, पंधरा दिवसांनी वास यायला लागला तेव्हा डॉक्टर. गोळी 'साखर वाढल्यासारखी वाटली' की घ्यायच्या, एरवी नाही. वर्षानुवर्षं चढलेल्या साखरेने नसा बधिर झाल्या होत्या, म्हणून चटका कळला नाही, आणि रक्तपुरवठा कमी झाल्यामुळे जखम भरली नाही. लेकीकडे आली ती मधुमेहाकडे झुकणारी प्रकृती. बधिर पाय वारशाने येत नाही.

आईचा दुसरा पाय वाचवायचं काम मात्र लेकीच्या हातात होतं, आणि ते तिने मनापासून उचललं. रोज रात्री पाय धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसायच्या, पावसात तर चिखल्यांसाठी खास बघायच्या, तळव्याखाली आरसा धरून चीर किंवा फोड शोधायचा. खोबरेल टाचेला, बेचक्यांत नाही. घरातसुद्धा चप्पल, तीही अंगठ्याची नको, मागे पट्टा असलेली. कालवं काढायला खडपावर जाणं बंद. कालवाच्या कवचाने कापलेलं बधिर पायाला समजत नाही. पाणी गरम आहे का ते पायाने नाही, कोपराने बघायचं. कुठलीही जखम दोन दिवसांत सुकायला लागली नाही की दवाखाना.

याच बोलण्यात कळलं की बाईंनी आईच्या डब्यातली गोळी 'थोडी थोडी' घेऊन पाहिली होती. ती ग्लिमेपिराइड होती. ती गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते. मधुमेह नसलेल्या, त्यातून उपाशी माणसाची साखर ७० च्या खाली नेऊ शकते. दरदरून घाम, हात थरथरणं, छातीत धडधड, डोळ्यांपुढे अंधारी, हे सगळं त्यांना एकदा झालं होतं आणि त्यांनी ते उन्हावर ढकललं होतं. असं झालं तर तीन चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच प्यायची, १५ मिनिटांनी पुन्हा मोजायचं, बरं वाटल्यावर काहीतरी खायचं. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, थेट दवाखाना गाठायचा. आणि कुणाची गोळी कुणी घ्यायची नाही, घर एकच असलं तरी.

जेवणाचा भाग सगळ्यात अवघड. पहिल्या फेरीत त्यांनी भात पूर्ण सोडला आणि दोन्ही वेळा नाचणीच्या तीन-तीन भाकऱ्या सुरू केल्या. नाचणी चांगली, तिच्यात चोथा आणि कॅल्शियम आहे, पण १०० ग्रॅम पिठात ७० ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं तिच्यातही असतात. शिवाय भाताशिवाय माशाची कढी म्हणजे जेवल्यासारखंच वाटेना. चतुर्थीला सगळा निर्धार सुटला. तेव्हा दुसऱ्यांदा बसून घरची वाटी मोजली. दीडशे मिलिलिटरच्या वाटीभर शिजलेल्या भातात ३० ते ३५ ग्रॅम कर्बोदकं. बाई दुपारी चार वाट्या घेत होत्या. त्या दोन केल्या, उकड्या तांदळाच्याच ठेवल्या. ताटात जागा रिकामी राहिली की हात पुन्हा भाताकडे जातो, म्हणून एक वाटी कुळथाची किंवा मुगाची उसळ, एक वाटी भाजी आणि बांगड्याचा किंवा तारल्याचा आणखी एक तुकडा. आधी भाजी आणि मासे, भात शेवटी. या क्रमाने जेवणानंतरची साखर कमी चढते. सकाळची पेज पातळ असली तरी ती भाताचीच, आणि जितकी जास्त शिजवावी तितकी साखर लवकर चढवते. ती आठवड्यात दोनदा, बरोबर उसळ घेऊन.

चहाचा हिशेब वेगळा झाला. गिऱ्हाईक आलं की चहा, दिवसाला पाच कप, प्रत्येकी दोन चमचे. म्हणजे रोज ४० ते ५० ग्रॅम साखर, जिची त्यांनी गोडात कधी गणतीच केली नव्हती. हे अर्ध्यावर आणायला तीन आठवडे लागले, आणि भात कमी करण्यापेक्षा त्याचा फायदा लवकर दिसला. हापूसवर बंदी घातली नाही. मध्यम आंब्याच्या गरात २० ग्रॅमच्या वर साखर असते. अर्धा आंबा, कापून, दुपारी चारला. रस नको आणि भाताबरोबर नको. मोदक एक, आणि त्या जेवणात भात नाही.

व्यायामाला वेळ नाही, हे शिवणकाम करणाऱ्या बाईंचं म्हणणं खोटं नाही. पूर्वी पायाचं मशीन होतं तेव्हा निदान पोटऱ्या चालत होत्या. मोटर बसवल्यापासून तेही गेलं. म्हणून प्रत्येक जेवणानंतर दहा मिनिटं चालणं, लगेच, भांडी घासण्याआधी. आठवड्याला १५० मिनिटांचं जे उद्दिष्ट सांगतात ते यातच भरून निघतं. पावसाळ्यात ओटीवर आणि पडवीत फेऱ्या मारायच्या, छत्रीची वाट बघायची नाही. दर तासाला कात्री खाली ठेवून उठायचं.

वजन ६४ किलो होतं, ते ३ ते साडेचार किलोंनी उतरवायचं ठरवलं. सहा महिन्यांनी ६०.५ भरलं, कंबर ८७. उपाशीपोटी साखर १०२, ग्लुकोजनंतर १३८. उपाशीपोटीचा आकडा अजून पूर्ण खाली आलेला नाही, आणि तसं त्यांना सांगितलंही. चेन्नईचे डॉ. ए. रामचंद्रन यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, अशाच मधल्या पट्ट्यातल्या भारतीयांपैकी काही न बदललेल्या गटात तीन वर्षांत १०० पैकी ५५ जणांना मधुमेह झाला, खाणं-चालणं बदललेल्यांत ३९ जणांना. टळेलच अशी हमी कुणी देऊ शकत नाही, पण ५५ आणि ३९ यांच्यातली माणसं खरी आहेत.

आता त्यांची तपासणी वर्षातून एकदा; तीस वर्षांवरील कुणाचीही साखर प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत तपासतात. घरच्या ग्लुकोमीटरवर आईची साखर बघताना दोन गोष्टी सांभाळायच्या: समुद्राकाठच्या दमट हवेत पट्ट्या लवकर खराब होतात, म्हणून पट्टी काढली की डबीचं झाकण लगेच घट्ट लावायचं, आणि टोचण्याआधी हात साबणाने धुऊन कोरडे करायचे, कारण बोटाला लागलेला आंब्याचा रसही यंत्रात साखर म्हणून मोजला जातो. मुंबईतला भाऊ सडपातळ आहे, त्यामुळे त्याला काही होणार नाही असं सगळे धरून चालले होते. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवलंय की भारतीय माणूस दिसायला बारीक असला तरी त्याच्या अंगात चरबी जास्त असू शकते. त्याचीही कंबर मोजायची आणि शिमग्याला गावी आला की रक्त तपासायचं. बाईंच्या सतरा वर्षांच्या लेकीला आत्ता काही नको, फक्त पुढे गरोदर राहिली की पहिल्याच भेटीत डॉक्टरांना आजी-आजोबांचा आणि आईचा इतिहास सांगायचा आणि ७५ ग्रॅम ग्लुकोजची चाचणी करून घ्यायची.