सगळं नाव क्वार्टरबॅकचं होतं, मग सुपर बोल ‘लाईनवर’ ठरतो असं जाणकार का म्हणतात?

सुपर बोल म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या NFL लीगचा अंतिम सामना, क्वार्टरबॅक म्हणजे आक्रमणात पास टाकणारा खेळाडू, आणि लाईन म्हणजे चेंडूच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर भिडणारी फळी. तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला एकाच माणसाच्या तीन अंतिम सामन्यांत सापडतं. क्वार्टरबॅक पॅट्रिक महोम्स, संघ कॅन्सस सिटी चीफ्स, प्रशिक्षक तिन्ही वेळा अँडी रीड. बदलत गेली ती महोम्सच्या पुढे उभी राहणारी पाच माणसं.

आधी हिशेब समजून घ्या. मैदानावर प्रत्येक बाजूचे अकरा जण असतात. आक्रमणाचे पाच लाईनमन (मध्ये सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड, टोकांना टॅकल) आणि क्वार्टरबॅक वजा केले, तर पास घ्यायला धावू शकणारे उरतात जास्तीत जास्त पाच. बचाव करणाऱ्या संघाने फक्त चार जण पुढे सोडून क्वार्टरबॅकला गाठलं, तर मागे सात जण राहतात. पाच रिसीव्हर आणि सात राखणदार, मग चेंडू टाकायचा कुठे? चौघांना जमत नसेल तर पाचवा-सहावा पाठवावा लागतो. तो ब्लिट्झ. पण त्याने मागे भगदाड पडतं आणि महोम्ससारखा खेळाडू नेमकं तेच शोधत असतो. म्हणून मोठ्या सामन्यात माझा पहिला प्रश्न एवढाच असतो: चौघांत काम भागतंय का?

७ फेब्रुवारी २०२१, टॅम्पा. चीफ्सचा डावा टॅकल एरिक फिशर आधीच्याच सामन्यात टाचेच्या वरची शीर तुटून बाहेर गेला होता. उजवा टॅकल मिचेल श्वार्ट्झ पाठीच्या दुखण्याने कित्येक आठवडे खेळलाच नव्हता. गार्ड लॉरें डुव्हर्ने-टार्डिफ हा शिकलेला डॉक्टर. तो कोविडच्या त्या वर्षी खेळ सोडून कॅनडात रुग्णसेवेला गेला होता, आणि त्याबद्दल मला त्याचा फार आदर वाटतो. त्यामुळे माइक रेमर्सला उजवीकडून डावीकडे नेलं आणि अँड्र्यू वायली या गार्डला उजवा टॅकल केलं. टॅम्पा बे बकनिअर्सचा बचाव प्रशिक्षक टॉड बोल्स एरवी ब्लिट्झचा शौकीन, पण त्या दिवशी त्याने तो जवळपास वापरलाच नाही. शकील बॅरेट, जेसन पिअर-पॉल, एन्डामुकन सू आणि मंडळी पुरेशी होती. महोम्सवर २९ वेळा दबाव आला, सुपर बोलमधला तो विक्रम ठरला. सॅक (पास टाकण्याआधीच क्वार्टरबॅकला पाडणं) मात्र तीनच. नुसता सॅकचा आकडा पाहणारा इथे फसतो, कारण उरलेल्या वेळी महोम्स जिवाच्या आकांताने मागे पळत होता आणि पडता पडता चेंडू फेकत होता. निकाल बकनिअर्सच्या बाजूने ३१-९, चीफ्सचा एकही टचडाउन (चेंडू समोरच्याच्या टोकाच्या पट्ट्यात नेणं) नाही.

त्या उन्हाळ्यात चीफ्सने लाईन जवळजवळ नव्याने बांधली. डाव्या टॅकलला ऑर्लँडो ब्राउन, डाव्या गार्डला जो थूनी, ड्राफ्टमधून (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीतून) सेंटर क्रीड हम्फ्री आणि उजवा गार्ड ट्रे स्मिथ. २०२३च्या सुपर बोलमध्ये समोर फिलाडेल्फिया ईगल्स होते, ज्यांनी साखळी सामन्यांत ७० सॅक घेतले होते. महोम्सचा घोटा दुखावलेला. तरी सॅक शून्य आणि चीफ्स ३८-३५ने विजयी. मैदानाचं गवत निसरडं होतं आणि त्याचा त्रास धावून येणाऱ्यांना जास्त झाला, हेही सांगायला हवं. पण उजव्या टॅकलला कोण होता? तोच वायली.

९ फेब्रुवारी २०२५, न्यू ऑर्लिन्स, पुन्हा ईगल्स. चीफ्सकडे डावा टॅकल धड उरला नव्हता, म्हणून थूनीला गार्डवरून तिथे सरकवलं होतं. ईगल्सचा बचाव प्रशिक्षक विक फँजिओने अख्ख्या सामन्यात एकदाही ब्लिट्झ केला नाही, तरी सॅक सहा, त्यातले अडीच एकट्या जॉश स्वेटचे. कूपर डीजीनने पास हिसकावून थेट टचडाउन केला. मध्यंतराला ईगल्स २४-०ने पुढे, शेवटी ४०-२२ने विजयी. गंमत म्हणजे मोसमात दोन हजार यार्डांवर धावलेल्या ईगल्सच्या सेक्वॉन बार्कलीला चीफ्सच्या बचावफळीने २५ प्रयत्नांत ५७ यार्डांवर रोखलं होतं. म्हणजे लाईनची एक लढाई चीफ्स जिंकलेही, पण पास टाकायला वेळच मिळत नसेल तर तिचा काय उपयोग?

लाईनमनचं काम नुसत्या वजनाचं नाही. कुस्तीत जो खाली राहून समोरच्याच्या छातीखाली हात घालतो त्याचं पारडं जड होतं, तसंच इथे. टोकाच्या टॅकलला तर मागे सरकता सरकता हे करायचं असतं, आणि समोरचा पूर्ण वेगात येतो. गार्डला टॅकलच्या जागी उभं केलं की अडचण होते ती यामुळे. गार्डच्या दोन्ही बाजूंना आपली माणसं असतात, टॅकलच्या बाहेर मोकळं मैदान.

पुढचा सुपर बोल पहाटे पाचला उठून बघणार असाल, तर स्नॅप झाल्यावर (सेंटरने चेंडू मागे क्वार्टरबॅककडे दिल्यावर) दोन सेकंद चेंडूकडे बघू नका. बचावाचे किती जण पुढे आले ते मोजा आणि क्वार्टरबॅकला पुढे पाऊल टाकायला जागा उरली का ते पाहा. तिसऱ्या डाउनला (दहा यार्ड पुढे जाण्याच्या चारपैकी तिसऱ्या प्रयत्नाला) सात-आठ यार्ड हवे असताना हे हमखास करा, कारण पास येणार हे तेव्हा सगळ्यांनाच ठाऊक असतं.