साडेबारा कुठून आले?

वर्ग सुरू होऊन महिना झाला, पहिली असाइनमेंट द्यायची वेळ आली, की माझ्याकडे समुपदेशनाला येणाऱ्या मुलामुलींचं एक वाक्य ठरलेलं असतं. "मॅडम, अभ्यास करीन हो, पण नियमच इतके आहेत की छातीत धडधडतं." एकोणीस वर्षांत हे वाक्य मी सगळ्या शाखांच्या मुलांकडून ऐकलं आहे. अर्थशास्त्राच्या एमएला आलेल्या मुलांकडून जरा जास्तच. यातली बरीचशी मुलं बीए मराठीतून केलेली असतात. गाइड वाचायचं, शेवटचे दोन महिने जोर लावायचा आणि पेपर द्यायचा, एवढीच सवय. इथे पहिल्याच तासाला हातात कागद पडतो: हजेरी ७५ टक्के, दर पंधरवड्याला गणितं, उशीर झाला तर दिवसाला १० टक्के गुण कमी, नक्कल आढळली तर शून्य. मग घरून मला फोन येतात, "पोरगी जेवत नाहीये, एवढं कडक कशाला ठेवतात?"

त्यांच्यासाठी शीतलची गोष्ट सांगते. नाव बदललं आहे, ओळख पटेल अशा खुणाही बदलल्या आहेत, आणि सात-आठ भेटी मी इथे तिनात बसवल्या आहेत.

शीतल दुष्काळी पट्ट्यातल्या एका गावातून आलेली, घरातली पहिली पदवीधर. पहिल्या भेटीत तिने पर्समधून तो नियमांचा कागद काढला. आठ घड्या घातलेला, घड्यांवर फाटत आलेला, आणि जवळजवळ प्रत्येक ओळीखाली लाल पेनाने रेघ. मी म्हटलं, "यातला सगळ्यात मोठा नियम कुठला?"

"सगळेच, मॅडम."

हा 'च' मी लगेच टिपून ठेवते. मी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विचारांवर घडलेली समुपदेशक आहे. आपल्याकडे कि. मो. फडके यांनी ते रुजवले. माणूस घटनेने जितका हलतो त्याहून जास्त तिच्याबद्दल स्वतःशी जे बोलतो त्याने हलतो, असं आम्ही मानतो. मराठीत ते बोलणं बहुतेक वेळा एका 'च'मध्ये लपलेलं असतं. व्हायलाच पाहिजे, चुकायलाच नको, संपलंच.

बोलता बोलता कळलं की आदल्या आठवड्यात १०२ ताप असताना ती तासांना बसली होती.

"का गं?"

"हजेरी."

"एका विषयाचे किती तास?"

"पंचेचाळीस."

"मग पंच्याहत्तर टक्के म्हणजे किती?"

रोज कॅल्क्युलस करणाऱ्या मुलीने हा हिशेब महिनाभर केलेला नव्हता. तिने बोटं मोजली. "चौतीस. म्हणजे अकरा तास बुडले तरी चालतं?" हे विचारताना तिचा आवाज इतका लहान झाला, जणू कोणीतरी ऐकेल आणि अकराचे पाच करेल.

खरी भेट दुसरी. वेळ ठरलेली नव्हती. गुरुवारी दुपारी तीनला ती दारात उभी, पाच वाजता असाइनमेंट द्यायची होती. खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाली, "मॅडम, मी सीनिअरची उतरवून काढलीय." आणि रडायला लागली.

मी पाणी दिलं, थांबले. अशा वेळी 'असं करायचं नसतं' हे सांगणं सोपं असतं. पण ते तिला माझ्याआधी माहीत होतं, म्हणून तर ती आली होती. मी फक्त म्हटलं, "दाखव तरी." चार पानं, मोत्यासारखं अक्षर. मला अर्थशास्त्र येत नाही. गेली कित्येक वर्षं या मुलांमध्ये राहून चार शब्द कानावर पडलेत, तेवढेच. म्हणून मी पहिल्या गणिताच्या उत्तरावर बोट ठेवून विचारलं, "हे साडेबारा कसले?"

"पहिली वस्तू किती घ्यायची ते." तिने डोळे पुसले. "ग्राहकाकडे शंभर रुपये आहेत. त्याची आवड अशी दिलीय की अर्धे पैसे या वस्तूवर जातात, अर्धे दुसऱ्या. म्हणजे पन्नास. दुसरी दोन रुपयांना, म्हणून तिचे पंचवीस. आणि पहिलीचे पन्नास भागिले..." ती थांबली. कागद जवळ ओढला, मग बॅगेतून प्रश्नांचं पान काढलं. "मॅडम, किंमत पाच आहे. पन्नास भागिले पाच. दहा यायला पाहिजे. साडेबारा कुठून आले?"

कुठून आले ते आम्हा दोघींनाही एकदमच कळलं. सीनिअरच्या वर्षी किंमत चार होती. सरांनी आकडा बदलला होता, आणि तिने जुनं उत्तर तसंच्या तसं उतरवलं होतं.

तेव्हाचा तिचा चेहरा मला अजून डोळ्यांसमोर दिसतो. पकडले गेलो असतो ही भीती त्यात होती, पण तिच्या मागून दुसरं काहीतरी येत होतं. ज्या मुलीला आपल्याला काही येत नाही म्हणून नक्कल करावी लागली, तिने ते गणित अर्थशास्त्र न कळणाऱ्या बाईला दोन मिनिटांत समजावून सांगितलं होतं. मी काही बोलले नाही. बोलले असते तर तिचा शोध माझा झाला असता. एवढा संयम मला वयाने शिकवला, आणि त्या दुपारी तो कामाला आला याचं मला समाधान आहे.

मग मी तिचा आठ घड्यांचा कागद मागून घेतला. नकलेच्या नियमाखाली रेघ होती, पण त्याच्या पुढच्या ओळीखाली नव्हती. ती ओळ अशी: गणितांवर आपापसांत चर्चा करायला हरकत नाही, उत्तर स्वतः लिहावे आणि ज्यांच्याबरोबर चर्चा केली त्यांची नावे वर लिहावीत.

"हे वाचलंस?"

"मला वाटलं, एकत्र बसलं की कॉपी."

पंधरा दिवस होस्टेलच्या खोलीत ती एकटी बसली, कारण बरोबर बसणं तिला गुन्हा वाटत होता. शेवटच्या रात्री उशीर होईल या धास्तीने तिने खरोखरचा गुन्हा केला. असाइनमेंट १० गुणांची. एक दिवसाचा उशीर म्हणजे १ गुण. नक्कल म्हणजे सगळे १०, आणि सरांचा विश्वास वेगळा. एक वाचवायला ती दहा लावत होती, आणि ते तिला दिसत नव्हतं, कारण घाबरलेल्या मनाला सगळे नियम एकाच उंचीचे दिसतात. नियमांना भिणारी मुलं नियम पाळतात, असा आपला समज असतो. माझा अनुभव असा आहे की तीच मुलं छोटा नियम सांभाळताना मोठा मोडून बसतात.

ती पाचला असाइनमेंट द्यायला गेली नाही. सरांना दोन ओळींचा मेल केला की उद्या देते, आणि चार पानं माझ्या खोलीत फाडली.

तिसऱ्या भेटीत तिने मला शिकवलं. "मॅडम, तुम्ही म्हणालात उशिराची किंमत असते. आमच्याकडे यावर एक अभ्यास आहे." इस्रायलमधल्या हैफा शहरातल्या १० पाळणाघरांवर उरी ग्नीझी आणि आल्डो रुस्तिचिनी यांनी केलेला, २००० साली छापलेला. मुलांना उशिरा न्यायला येणाऱ्या पालकांना काही पाळणाघरांनी दंड लावला, तर उशीर वाढला. पैसे भरले की झालं, असं पालकांना वाटू लागलं. पुढे दंड काढून टाकला तरी उशीर कमी झाला नाही. "म्हणजे किंमत आहे म्हणून रोज उशीर केला, तर तेही चूकच ना?" ती तो 'च' बरोबर जागी वापरत होती, आणि मला मनापासून आनंद झाला.

म्हणून मुलांनो, तो कागद पहिल्या आठवड्यात एकदा पेन्सिल घेऊन वाचा. ज्या नियमाला आकडा आहे, म्हणजे हजेरी, उशीर, घटकचाचणीचे गुण, तिथे आकडेमोड करून ठेवा. तो हिशेब अडचणीच्या दिवसासाठी असतो, रोज उधळायला नाही. आजारपण, घरचं कार्य, गावाकडची निकड असेल तर मुदतीच्या आधी सांगा. आधी सांगितलेल्या अडचणीला आणि नंतर दिलेल्या कारणाला शिक्षक वेगळं वजन देतात. नकलेला मात्र सूट मागायची नसते. तरीही चूक झालीच, तर लपवण्यापेक्षा जाऊन सांगा. प्रबंध आणि शोधनिबंधांतल्या वाङ्मयचौर्यासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली नियम केले, त्यांतसुद्धा पायऱ्या आहेत. प्रबंधात साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर शिक्षा नाही, त्यापुढे ४० पर्यंत असेल तर ठरावीक मुदतीत सुधारून द्यायचं, ६० च्या वर गेलं तर नोंदणी रद्द. नियम लिहिणारेसुद्धा सगळ्या चुका एका मापाने मोजत नाहीत.

आणि कागदावर सरांची भेटीची वेळ छापलेली असते, ती हुशार मुलांसाठी राखीव नसते. रिकाम्या हाताने जाऊन 'काही कळत नाही' म्हणू नका. अर्धवट सोडवलेलं गणित न्या आणि 'इथपर्यंत आलं, इथे अडलं' म्हणा. इंग्रजी अडत असेल तर उत्तर मराठीत लिहिलेलं चालेल का, हेही विचारा. अनेक ठिकाणी परीक्षेला ती मुभा असते, आणि न विचारल्यामुळे मुलं वर्षभर कुढत राहतात.

आईवडिलांना एकच सांगते. फोनवर 'हजेरी भरली का' हा प्रश्न रोज विचारू नका. 'या आठवड्यात कोणाबरोबर बसलीस अभ्यासाला?' हे विचारा.

शीतलने ती असाइनमेंट शुक्रवारी दिली. तपासून आल्यावर मला दाखवायला आणली. वर तिच्या नावाखाली दोन मैत्रिणींची नावं होती, आणि कोपऱ्यात लाल शाईत सरांनी लिहिलं होतं: ७ – १ = ६.