बायका ट्रक ड्रायव्हर का होतात? आणि माझ्या बहिणीला जमेल का?

तुम्ही विचारलंय की बायका ट्रक चालवायचं काम का पत्करतात, नाइलाजानं की हौसेनं. शिवाय बारावी झालेल्या तुमच्या बहिणीनं घरी हा विषय काढलाय आणि घरचे "हे काय बाईमाणसाचं काम आहे का" म्हणून अडून बसलेत. जड वाहन शिकवणं हे माझं रोजचं काम आहे, म्हणून दोन्हीचं उत्तर एकत्रच देते.

सगळ्यात मोठं कारण साधं आहे: ट्रक आधीपासून दारात उभा असतो. आपल्याकडे हा धंदा बराचसा घरगुती. एक-दोन गाड्या, डोक्यावर फायनान्सचा हप्ता, आणि चालवणारा घरचाच. तो माणूस गेला किंवा अंथरुणाला खिळला, तरी हप्ता, विमा, कर काही थांबत नाही. पगारी ड्रायव्हर ठेवावा तर डिझेल, टायर, भत्ता सगळ्याचा हिशेब त्याच्या तोंडी. योगिता रघुवंशींचं उदाहरण अनेकांना माहीत असेल. मूळच्या आपल्या नंदुरबारच्या, संसार भोपाळला, हातात कायद्याची पदवी. २००३ मध्ये नवरा अपघातात गेला. ठेवलेला ड्रायव्हर हैदराबादकडे गाडी ठोकून पळाला. त्या मेकॅनिक घेऊन तिथे गेल्या, दुरुस्त करून गाडी परत आणली आणि पुढे स्वतःच चालवायला शिकल्या. वकिली जमायला वर्षं लागली असती. ट्रक पहिल्या फेरीपासून पैसे देतो.

अशा घरांत एक गोष्ट हमखास राहून जाते, म्हणून इथेच सांगते. मालक वारला की ३० दिवसांत आरटीओला कळवायचं. तसं कळवलं तर वारसाला तीन महिने गाडी वापरता येते, आणि त्या तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरून गाडी स्वतःच्या नावावर करून घ्यायची. फायनान्स असेल तर कंपनीचं ना-हरकत पत्रही लागतं. दुसरं असं, की मालक स्वतःची गाडी चालवताना गेला असेल, त्याचा परवाना चालू असेल आणि पॉलिसीत मालक-चालकाचा वैयक्तिक अपघात विमा असेल, तर घरच्यांना १५ लाख रुपये मिळतात. पॉलिसीच्या कागदावर ही ओळ वेगळी छापलेली असते. दुःखात ती कोणी वाचत नाही आणि गाडी मिळेल त्या भावात विकून टाकतात. फार वाईट वाटतं हे बघून.

दुसरं कारण मजुरीचं. शेतात दिवसभर बरोबरीनं राबलं तरी बाईची हजेरी पुरुषापेक्षा कमी, हे गावात कोणालाही विचारा. ट्रकचं भाडं ठरतं ते टनावर आणि किलोमीटरवर. बिल्टीवर, म्हणजे मालासोबत जाणाऱ्या पावतीवर, गाडीचा नंबर, माल, वजन आणि ठिकाण असतं. चालवणारी बाई आहे म्हणून भाडं कमी, असा रकानाच नाही. पगारी कामात मालक घासाघीस करतात, ते पुरुषांशीही करतातच. पण फेरीमागे भत्ता ठरला की तो ठरला.

तिसऱ्या कारणाकडे कोणी बघत नाही आणि मला तेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं: बायका रात्री घरी आणणारी फेरी बघून या कामात येतात. केरळमधल्या त्रिशूरची डेलिशा डेव्हिस बघा. वडील टँकर ड्रायव्हर, ती एम.कॉम. शिकलेली, आणि कोचीजवळच्या इरुंपनमहून पेट्रोल भरून तिरूरच्या पंपावर पोचवायची. मध्यरात्रीनंतर निघायचं आणि त्याच दिवशी घरी परत. झारखंडमध्ये टाटा स्टीलच्या नोआमुंडी खाणीत बायका डंपर चालवतात, तिथेही शिफ्ट संपली की घर. उघड्या खाणींत बायकांना रात्रपाळीची मुभा मिळाली ती २०१९ मध्ये, त्यानंतर हा दरवाजा आणखी उघडला. लांब पल्ल्याच्या, पंधरा-पंधरा दिवसांच्या फेऱ्या एकट्या बाईनं करणं अशक्य नाही, पण सुरुवात तिथून केलेल्या बऱ्याच जणी वर्षभरात सोडून देतात.

आणि हौस? असते की. ट्रॅक्टर चालवत वाढलेल्या मुलींना गाडीचं वेड असतं. ट्रॉली सरळ रिव्हर्स घेता येणारी मुलगी ट्रेलर लवकर शिकते, कारण स्टिअरिंग उलट फिरवायची सवय तिच्या हातात आधीच बसलेली असते.

आता जमेल का, ते सांगते. "ताकद लागते" हा घरच्यांचा आक्षेप जुन्या गाड्यांच्या काळातला. पॉवर स्टिअरिंग आहे, ब्रेक हवेचे आहेत, बहुतेक नव्या गाड्यांत क्लचलाही मदत असते. बुटक्या बाईची खरी अडचण सीटची. क्लच पूर्ण दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे. पाय पूर्ण ताणला जात असेल तर उशी पाठीमागे घालायची, बुडाखाली घालायची नाही. खाली घातली की पाय आणखी दूर जातात, संध्याकाळपर्यंत कंबर धरते, आणि मग म्हणतात बायकांना झेपत नाही.

हवेचा ब्रेक मात्र नीट समजून घ्यावा लागतो. गाडी सुरू केल्यावर हवेचा काटा साधारण ६ बारच्या वर जाईपर्यंत थांबायचं. पार्किंग ब्रेक आत स्प्रिंगनं लागलेला असतो आणि हवेच्या दाबानं सुटतो. म्हणून हवा कमी असताना गाडी हलतच नाही. नवशिके ड्रायव्हर रेस देत बसतात आणि क्लच जाळतात. टाकीत साठलेलं पाणी रोज सकाळी खालचा कॉक उघडून काढायचं, नाहीतर ते वाल्वमध्ये जातं.

घाटात उतरताना ज्या गिअरमध्ये गाडी चढली असती त्याच गिअरमध्ये उतरवायची, आणि तो गिअर उतार सुरू व्हायच्या आधी टाकायचा. एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनाचा धूर अडवून गाडीचा वेग कमी करणारा) असेल तर तो चालू. पायाचा ब्रेक सतत घासत ठेवला तर ड्रम तापतो आणि ब्रेक लागेनासा होतो. सारखा दाबून सोडला तर हवा संपत जाते. डिझेल वाचवायला उतारावर न्यूट्रल करणं हा तर सरळ मृत्यूशी खेळ आहे. पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे येणाऱ्या उतारावर वर्षानुवर्षं जे अपघात होतात, त्यात हेच कारण पुन्हा पुन्हा पुढे येतं. या बाबतीत वर्गात रीतसर शिकलेल्या मुली मला जास्त भरवशाच्या वाटतात. उस्तादानं, म्हणजे ज्याच्या हाताखाली गाडी शिकतात त्या जुन्या ड्रायव्हरनं, लावलेली न्यूट्रलची सवय त्यांना नसते.

अंगमेहनतीची खरी कामं दोनच, टायर आणि ताडपत्री. मोठ्या ट्रकचा नट साधारण ६०० न्यूटन मीटरच्या आसपास आवळलेला असतो. हाताच्या जोरावर तो पुरुषालाही सुटत नाही. पान्याला पाइप लावायचा. एक मीटर लांब पाइपच्या टोकावर ६० किलोचं वजन पडलं की जवळजवळ तेवढाच जोर होतो. म्हणजे बॉडीला घट्ट धरून एका पायानं भार दिला की नट सुटतो. गंजला असेल तर आधी तेल सोडून थांबायचं. चाक जमिनीवर टेकलेलं असतानाच नट सैल करायचे, जॅक नंतर लावायचा. काही जुन्या गाड्यांत डाव्या बाजूच्या नटांना उलटे आटे असतात, तिथे जोर चुकीच्या दिशेला लावला तर स्टड तुटतो. चाक मात्र रिमसकट शंभर किलोच्या आसपास भरतं, ते एकटीनं उचलायचा हट्ट करू नये. पहारीवर तरफेसारखं सरकवायचं, नाहीतर पंक्चरवाल्याला फोन करायचा. पुरुष ड्रायव्हरही तेच करतात.

ताडपत्रीचं काम त्याहून त्रासाचं. भिजलेली ताडपत्री दोघांना आवरत नाही, आणि वर चढून रस्सी ओढताना पडून हात-पाय मोडतात. म्हणून बहिणीनं बंद कंटेनर बॉडी किंवा टँकरचं काम बघावं. हमाली, रस्सी, ताडपत्री सगळंच टळतं.

बायका हे काम सोडतात ते गाडी झेपत नाही म्हणून नाही. सोडतात ते संडास-बाथरूम आणि रात्री गाडी उभी करायची जागा या दोन गोष्टींमुळे. लघवीला जागा नाही म्हणून पाणी पीत नाहीत, मग लघवीला जळजळ, ताप, आणि उन्हाळ्यात केबिनमध्ये चक्कर. यावर तोडगा आधी आखलेल्या थांब्यांचाच आहे. दर अडीच-तीन तासांवर एक पंप ठरवून ठेवायचा, जिथलं बाथरूम एकदा डोळ्यांनी बघितलंय. तेल कंपन्यांची हायवेवर 'अपना घर' नावाची विश्रांतिगृहं आहेत, पण बायकांसाठी वेगळी खोली आणि आतून लागणारी कडी आहे का, हे फोन करून विचारल्याशिवाय भरवसा ठेवू नये. रात्री गाडी लावायची ती पंपावर, दिव्याखाली, कॅमेऱ्यासमोर. रस्त्याच्या कडेला कधीच नाही. राष्ट्रीय महामार्गावर मदतीला १०३३, पोलिसांना ११२. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम आणि जड ट्रकांना एसी केबिन सक्तीची झाली आहे. त्यामुळे उन्हातही काचा वर करून, दार लॉक करून चालवता येतं. बाईसाठी हा फरक लहान नाही.

म्हणून फेरी निवडताना चाकण-रांजणगावसारखी कारखान्यातून कारखान्यात जाणारी, दुधाचे टँकर, पंपांना तेल पोचवणारी कामं आधी बघावीत. उसाच्या गाड्या नकोत, कारखान्याच्या यार्डात नंबर लागेपर्यंत रात्री जातात. मुंबईजवळच्या न्हावाशेवा बंदरातल्या कंटेनरचं काम चांगलं, पण बंदराबाहेरची रांग किती वेळ चालेल याचा नेम नसतो, तेव्हा ते दुसऱ्या वर्षी.

परवान्याचं आता सांगते. मालवाहतुकीच्या परवान्याला वय २० पूर्ण लागतं आणि साधा चारचाकीचा परवाना हातात येऊन किमान एक वर्ष झालेलं लागतं. म्हणजे आज काहीच नसेल तर पहिलं काम कारचं पक्कं लायसन्स काढणं. पूर्वी आठवीची अट होती, ती २०१९ मध्ये गेली. पुढे परवान्यांच्या सरकारी 'सारथी' संकेतस्थळावर जड वाहनाचं कच्चं लायसन्स, तब्येत ठीक असल्याचा डॉक्टरच्या सहीचा फॉर्म १-ए, प्रशिक्षण घेतल्याचा मान्यताप्राप्त ड्रायव्हिंग स्कूलचा दाखला म्हणजे फॉर्म ५, आणि कच्चं लायसन्स मिळाल्यावर ३० दिवसांनी चाचणी. हा परवाना पाच वर्षांनी नूतनीकरण करावा लागतो. पेट्रोल-गॅसच्या टँकरला तीन दिवसांचं वेगळं प्रशिक्षण घेऊन परवान्यावर तशी नोंद करून घ्यावी लागते. फॉर्म ५ पैसे मोजून घरबसल्या देणारे भेटतील, तो रस्ता धरू नका. मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रातला जड वाहनाचा अभ्यासक्रम सहा आठवड्यांत ३८ तासांचा आहे, आणि ते ३८ तास खरोखर गाडीवर आणि वर्गात गेले पाहिजेत.

कारचं लायसन्स हातात आलं की जड परवान्यासाठीचं ते एक वर्ष भरेपर्यंत बहिणीनं रिकामं बसायची गरज नाही. ७,५०० किलोपर्यंत एकूण वजनाची मालगाडी साध्या चारचाकी परवान्यावर चालवता येते, यावर सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं नोव्हेंबर २०२४ मध्ये शिक्कामोर्तब केलंय. वजन मालासकट धरायचं, आरसी पुस्तकात लिहिलेलं असतं. पिकअप, छोटा हत्ती, ४०७ यात बसतात. वर्षभर भाजी मार्केट किंवा कुरिअरच्या फेऱ्या मारल्या की आरशात बघून रिव्हर्स, वजनकाटा, बिल्टी, ई-वे बिलाची (माल नेण्याच्या जीएसटीच्या ऑनलाइन कागदाची) मुदत, नाक्यावर कागद दाखवणं हे सगळं अंगवळणी पडतं. घरच्यांचीही सवय होते, आणि माझ्या अनुभवात तेच जास्त वेळ घेतं.

नोकरी धरताना मालकाला तीन गोष्टी विचारायला सांगा. विम्यात पगारी ड्रायव्हरच्या जबाबदारीचा वेगळा हप्ता भरलाय का, पॉलिसीची प्रत बघायला मिळेल का? गाडीला जीपीएस आहे का, आणि ते रात्री कोण बघतं? फेरी उशिरा संपली तर मुक्काम कुठे? कायद्यानं दिवसाला आठ तास आणि सलग पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती आहे. हे ऐकून हसणारा मालक असेल, तर तिथे हो म्हणू नका. तिसऱ्या प्रश्नाला "बघू तेव्हाचं तेव्हा" असं उत्तर आलं, तरी दुसरा मालक शोधा.