सेस्मिकमध्ये गॅस शोधायलास? मग आधी एवढं बघ

लातूरकडचा आहेस म्हणजे सेस्मिक म्हणलं की घरच्यांना किल्लारीच आठवणार, त्यांना सांग की भूकंपाची वाट बघायची नसते, जहाजामागच्या एअरगनने आवाज सोडायचा अन् तळाखालच्या थरांवर आपटून परत येणारा ऐकायचा, बस.

आता सगळ्यात महत्त्वाचं, पोलॅरिटी, म्हणजे परत आलेली लाट सुलट आहे की उलट. बाकी काहीही बघायच्या आधी समुद्रतळाचं रिफ्लेक्शन, म्हणजे तळावरून परत आलेला आवाज, कसं दिसतंय ते बघ. गॅस असलेल्या थरात आवाज हळू जातो, म्हणून त्याच्या माथ्याचं रिफ्लेक्शन बहुतेकदा तळाच्या उलटं येतं. नवी पोरं रिफ्लेक्शन नुसतं चमकलं (म्हणजे जोरात आलं) की गॅस गॅस करत सुटतात, कोळशाचा थरपण चमकतो की!

आणि चमक जास्त म्हणजे गॅस जास्त असंही नाही. चिमूटभर गॅसनेसुद्धा आवाजाचा वेग लई पडतो, या गोष्टीने मोठमोठ्या कंपन्यांच्या विहिरी कोरड्या गेल्यात.

अजून दोन चुका:
- तळ 200 मिलिसेकंदावर (आवाज जाऊन परत यायला लागलेला वेळ) असेल तर 400 वर तोच परत दिसतो. तो मल्टिपल, म्हणजे पाण्यात दोनदा वर-खाली आपटून आलेला आवाज, थर नाही.
- उभा धूसर पट्टा म्हणजे गॅस चिमणी (गॅस वर चढायची वाट) असेलच असं नाही. त्याच्या खालचे थर वाकून खाली गेल्यासारखे दिसतात का, वर तळावर खड्डे म्हणजे पॉकमार्क आहेत का, ते जुळव. अन् गॅस आत्ता गळतोय का हे सेस्मिक सांगत नाही, पाण्यातले बुडबुडे इकोसाउंडरवर दिसतात.

एव्हीओ, इन्व्हर्जन या पुढच्या पद्धती सध्या राहू दे. ओपनडीटेक्ट हे सेस्मिक बघायचं सॉफ्टवेअर फुकट आहे, उत्तर समुद्रातला एफ3 ब्लॉकचा डेटापण फुकट, त्यातच चिमण्या शोधत बस. अडलास तर स्क्रीनशॉट टाक, स्केलसकट टाक बाबा.