लंबकाच्या प्रयोगात नेमकं काय बदलायचं?

स्वतंत्र चल, अवलंबी चल, नियंत्रित चल ही नावं नुसती घोकत बसू नकोस. आधी दोरा, गोळा आणि स्टॉपवॉच घे. साध्या लंबकात मुख्यतः तीन गोष्टी तुझ्या हातात असतात: लांबी, गोळ्याचं वजन, आणि तो किती बाजूला ओढून सोडतोस ते. एका वेळी यातली एकच बदल. ते तुझं स्वतंत्र चल. मोजायचा तो दोलनकाल, म्हणजे गोळ्याला एकदा जाऊन परत यायला लागणारा वेळ. ते अवलंबी चल. बाकीच्यांना हात लावायचा नाही, ती नियंत्रित चलं.

खरी मेख आहे ती वजनात. वजन वाढवायचं म्हणून पुष्कळ जण एका वॉशरखाली दुसरा वॉशर लटकवतात. लंबकाची लांबी टांगलेल्या जागेपासून वजनाच्या मध्यापर्यंत धरतात, आणि तो मध्य आता खाली सरकलेला असतो. म्हणजे दोन चलं एकदम बदलली! दोलनकाल वाढतो आणि वहीत 'जड लंबक सावकाश हलतो' असं साफ चुकीचं अनुमान उतरतं. त्यापेक्षा एकाच आकाराचे लाकडी आणि लोखंडी गोळे घे.

कोन लहानच ठेव, दहाएक अंशांच्या आत. 20 दोलनांचा वेळ मोजून 20 ने भाग, म्हणजे बटण दाबण्यातली चूक विभागली जाते. 1 मीटरला साधारण 2 सेकंद येतील, 25 सेंटीमीटरला 1. लांबी चौपट, वेळ फक्त दुप्पट. मला हे आजही फार देखणं वाटतं. आलेखात लांबीसमोर दोलनकालाचा वर्ग मांड. रेषा सरळ शून्यातून गेली नाही, तर लांबी कुठून कुठपर्यंत मोजलीस ते आधी तपास.